अमळनेरला जुनं धाब्याचं घर घेतोय, खरेदीखताआधी काय काय तपासू?

बोरीकाठ (१२ मे)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, आई-वडील अमळनेरला भाड्याच्या घरात. घर जुन्या गावातच हवं आणि वाडी संस्थानात (संत सखाराम महाराजांच्या मंदिरात) पायी जाता आलं पाहिजे, हा आईचा हट्ट. कॉलनीतला फ्लॅट दाखवला तर म्हणाली, "इथं ओटा कुठंय?"

तर ओटा असलेलं एक घर बघितलंय. रुंदी २० फूट, खोली ५५. पुढचे तीन खण (खांबांमधले भाग) धाब्याचे, म्हणजे वर मातीचं सपाट छत, दोन फुटी मातीच्या भिंती, सागवानी खांब, कडीपाट (आडव्या लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या). मागं १९८६ ला काढलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या आणि संडास-बाथरूम. घरमालक वारलेत, मागे त्यांची मुलं, तीन भाऊ आणि दोन बहिणी. भाव सांगतात २६ लाख. त्यांतले थोरले भाऊ म्हणाले, "तुम्ही इसार द्या, महिन्याभरात भेगा बुजवून, रंग मारून घर चकाचक करून देतो." मला बरं वाटलं. माझे वडील नुसतं "हं" म्हणाले.

कोणाला नेऊन काय तपासू? दुरुस्ती त्यांनी करायची की आम्ही? पैसे कधी किती द्यायचे? अनुभवी लोकांनी सांगा.

तळखडा (१२ मे)

वडिलांच्या "हं"ला माझं +१.

मी धुळ्याला बांधकामातच आहे. आधी सुतार न्या, मिस्तरी नंतर. अशा घरात छत खांबांवर उभं असतं. भिंत ढासळली तर ती पुन्हा रचता येते, पण खांब बसला की धाबं खाली येतं. खांब दगडी तळखड्यावर जिथं टेकतो तिथं खाली बसून पेचकस टोचून बघा. चांगल्या सागात टोक शिरत नाही. शिरलं आणि भुसा आला तर तो खांब गेला समजा. वाळवी लागलेला खांब भरताच्या वांग्यासारखा असतो, साल शाबूत आणि आत नुसता गर. जाड ऑइलपेंट मारलेल्या खांबावर तर आधी संशय घ्या. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. मधल्या काळात कुणी आडजात (सागाशिवाय दुसऱ्या हलक्या) लाकडाचा टेकू किंवा जोड दिला असेल तर ती तिथून शिरते.

दुसरी जागा म्हणजे कड्यांची भिंतीत गेलेली टोकं. शिडी लावून टॉर्च मारून प्रत्येक टोक बघा. भिंतीत ओल असेल तर कडी मधे ठणठणीत आणि टोकाला कुजलेली असते. खालून मान वर करून हे दिसत नाही.

मग धाब्यावर चढा. दरवर्षी पावसाळ्याआधी नवी माती टाकायची पद्धत, जुनी कोणी काढत नाही, त्यामुळे थर वाढत जातो. एक फूट जाडीची ओली माती म्हणजे चौरस फुटाला साधारण ५० किलो वजन. त्यावर कोणी सिमेंटचा कोबा केला असेल तर विचारूच नका, वजनही वाढलं आणि खाली गेलेली ओल वर यायची वाटही बंद. एका कोपऱ्यात खणून जाडी मोजा.

मागच्या स्लॅबला हातोडीच्या दांड्यानं ठोका. आवाज पोकळ आला किंवा सळईच्या रेषेत तांबूस चिरा दिसल्या तर गज गंजतोय. बाथरूमच्या वरचा भाग विशेष बघा.

भेगांचं सांगतो. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे जुन्या घराला भेग असतेच. भेग आहे का, यापेक्षा ती चालू आहे का हे बघायचं. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टरनं चिकटवा, शेजारी पेन्सिलनं तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत काच तडकली तर भिंत अजून हलतेय.

आणि घर पावसात बघा हो. मे महिन्यात खानदेशातलं कुठलंही घर कोरडंच दिसतं.

वकिलीणबाई (१३ मे)

खांब नंतर टोचा, आधी कागद टोचा.

घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव म्हणजे मालकी नव्हे. जुन्या गावात सिटी सर्व्हे झालेला असतो, तेव्हा मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते वाचा. पुष्कळदा आजोबांचंच सापडतं. तसं असेल तर वारसनोंद आधी, इसार नंतर. पत्रकावरचं क्षेत्र आणि जागेवर टेप धरून आलेलं क्षेत्र जुळतं का तेही बघा. जुळत नसेल तर भूमी अभिलेखची मोजणी मागवायची.

दोन्ही बहिणींच्या सह्या लागतील. "त्यांना काही नको, त्यांची लग्नं थाटात करून दिली" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी वारस आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतकाच हक्क आहे. एकतर बहिणी खरेदीखतावर सही करतील, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. साध्या स्टॅम्पवरची नोटरी घेऊन कोणी आलं तर चहा पाजून परत पाठवा.

३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा तपास) घ्या आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्या. घरात भाडेकरू असेल तर तो जाईपर्यंत पैसे नाहीत. इसार साध्या पावतीवर न देता साठेखत (खरेदीआधीचा विक्रीचा करार) नोंदवा आणि तपासणीसाठी चार ठिकाणी प्लास्टर खरवडायची परवानगी त्यातच लिहून घ्या. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि तुम्हाला साधारण काळजी घेऊनही दिसला नसता असा मोठा दोष त्यानं सांगितलाच पाहिजे, असं मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ५५ सांगतं. म्हणून "छत कधी गळलंय का, वाळवीचं औषध कधी मारलंय का" हे तोंडी न विचारता लेखी विचारा. उत्तर गोलमोल आलं तरी त्यातून कळायचं ते कळतंच.

घर आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ओट्याचा हट्ट त्यांचाच आहे तर विचार करा :)

शिरपूरकर (१३ मे)

भाऊ, पह्यले सह्या, मंग भिंती.

तापीवाली (१४ मे)

दुरुस्ती त्यांच्याकडून करून घेऊ नका. नका म्हणजे नकाच.

आम्ही चोपड्याला असंच मातीचं घर घेतलं. विकणाऱ्यानं आपणहून "दुरुस्त करून देतो" म्हटलं, आम्ही खूश. त्यानं मातीच्या भिंतींवर आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलं, वर डिस्टेंपर. खरेदीच्या दिवशी घर नवरीसारखं दिसत होतं. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की आत शिरलेलं पाणी आतच मुरतं. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं. भादव्यात एका रात्री तीन वाजता स्वयंपाकघरातला दरवाजाएवढा पापुद्रा सुटला आणि थेट धान्याच्या कोठीवर पडला. सासूबाई म्हणाल्या, चोर शिरला. मागची माती हातानं खरवडली तर शिऱ्यासारखी निघाली.

मग सगळं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुना आठ-दहा दिवस भिजवून, वाळू आणि सुर्खी (विटांची भुकटी) घालून. ते करणारा म्हातारा मिस्तरी शोधायलाच दीड महिना गेला. खर्च सव्वातीन लाख. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "दिलं तेव्हा चांगलं होतं ना?"

विकणारा दुरुस्ती करतो ती खरेदीच्या दिवसापुरती. तुम्ही इंजिनियरकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि तेवढी रक्कम भावातून कापा. घर आहे तशा उघड्या भेगांसकट घ्या. कमीत कमी काय घेतलंय ते तरी दिसेल.

केळीचाघड (१४ मे)

कशाला एवढी कटकट भो? पाडा आणि आरसीसी बांधा. ती माती किती दिवस सांभाळणार?

तळखडा (१४ मे)

पाडायला हरकत नाही, पण पाडलं की नवीन बांधकाम परवानगी आणि आजचे नियम लागू. २० फुटी प्लॉट, दोन्हीकडे सामाईक भिंती. शेजाऱ्याच्या कड्या तुमच्याच भिंतीत गेलेल्या असतील तर तुमची भिंत पाडणार कशी? नगरपरिषदेत विकास आराखडा बघून या, त्या गल्लीला रस्तारुंदीची रेषा असेल तर ओटा आधी जाईल. हे पाडणाऱ्यानंही बघायचं आणि राखणाऱ्यानंही. शिवाय मे महिन्यात दोन फुटी मातीच्या भिंतीआड दुपारी झोपून बघा, मग बोला.

फेज_न्यूट्रल (१५ मे)

वायरिंग कोणी काढलंच नाही. लाकडी पट्टीवरची जुनी वायर असेल तर सगळी बदलायची, तुकडे जोडत बसू नका. अर्थिंग आहे का ते टेस्टरनं कळत नाही, वायरमनला मोजायला सांगा. मातीच्या भिंतीला ओल आली की करंट उतरतो, म्हणून ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पाहिजेच. मीटर कोणाच्या नावावर, थकबाकी किती, हे महावितरणच्या बिलावरून बघा. घरपट्टी-पाणीपट्टीचंही तसंच.

बोरीकाठ (९ जुलै)

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

मालमत्ता पत्रकावर खरंच आजोबांचं नाव निघालं. वारसनोंदीला टाकलंय. एक बहीण पारोळ्याला, दुसरी सुरतला. सुरतच्या ताईंना मी स्वतः फोन केला. त्या म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नाही, पण येईन सहीला." भावांना हे आवडलं नाही, पण वारसनोंद आणि सह्यांशिवाय इसार नाही म्हटल्यावर गप्प बसले.

परवा भर पावसात घर बघायला गेलो, सोबत सुतार आणि धुळ्याचे एक इंजिनियर. सहा खांबांपैकी पाच दगडासारखे. सहाव्यात, देवघराशेजारच्या, पेचकस मुठीपर्यंत गेला. मालकांचा चेहरा बघण्यासारखा. धाबं एका जागी टपकत होतं, तिथं घमेलं ठेवलेलं, आणि घमेल्याखालच्या फरशीवर जुना गोल डाग. म्हणजे घमेल्याची जागा ठरलेली आहे. "कधी गळलंय का" याचं लेखी उत्तर मात्र "नाही" आलंय.

खरी गंमत पुढे. मधल्या खणात चालताना फरशीचा आवाज बदलतो असं सुतार म्हणाला. एक फरशी उचलली तर खाली पेव, धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा! माणूस उभा मावेल एवढं, तोंडावर आडव्या फळ्या आणि वर फरशी. फळ्या अर्ध्या खाल्लेल्या. मालक म्हणाले, लहानपणी आजी त्यातून ज्वारी काढायची, नंतर विसरूनच गेलो. वडील इतक्या वेळात पहिल्यांदा हसले, म्हणाले, "आता दोषांचं पेव फुटलं."

याचं काय करायचं?

तळखडा (९ जुलै)

खांबापासून किती लांब आहे? चार फुटांच्या आत असेल तर काळजी. राडारोडा टाकून बुजवू नका, तो वर्षानुवर्षं बसत राहतो. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर धुम्मसानं (माती ठोकायच्या जड ठोकळ्यानं) ठोकायचा. आणि पेव एकटं नसतं कधी कधी. उरलेली फरशीही ठोकत जा. अंगणात बुजवलेला आड आहे का तेही विचारा.

त्या खांबाला तात्पुरता टेकू आजच द्या, खरेदी व्हायची वाट बघू नका. खर्च मालकाचा.

वकिलीणबाई (१० जुलै)

घमेल्याचा आणि त्या डागाचा तारखेसकट फोटो काढून ठेवलात ना? त्या लेखी "नाही"शेजारी तो छान दिसेल.

आणखी एक. खांब, तुळया, दारं, चौकटी, झोपाळ्याच्या कड्या, सगळं साठेखतात मोजून लिहा. जुन्या सागाला गिऱ्हाईक खूप आहे. खरेदीच्या आदल्या रात्री दारं गायब झालेली मी पाहिलीत.

बोरीकाठ (२१ सप्टेंबर)

काचेच्या चार पट्ट्यांपैकी तीन शाबूत. चौथी, मागच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातली, ऑगस्टमध्ये तडकली. इंजिनियरच्या मते संडासाचा शोषखड्डा भिंतीला खेटून आहे, त्याचं पाणी पायाखाली जातंय. खड्डा हलवायचा आणि मग वर्षभर भेग बघायची.

अंदाज आला चार लाख दहा हजार: एक खांब, गळतीच्या जागची कडी, धाब्याची जादा माती काढणं, वायरिंग, शोषखड्डा, पेव. घमेल्याचा फोटो दाखवला आणि सौदा साडेबावीसवर आला. दुरुस्ती आमची आम्ही करणार. वारसनोंद झाली, जाहीर नोटिशीला हरकत आली नाही, साठेखत नोंदवलं, पाचही जणांच्या सह्या झाल्या. सुरतच्या ताई सहीला आल्या तेव्हा घरात फिरून आल्या आणि त्या किडलेल्या खांबाला हात लावून जरा वेळ उभ्या राहिल्या. खरेदीखत दसऱ्यानंतर, आईच्या नावावर.

तापीवाली (२१ सप्टेंबर)

अभिनंदन! चुन्याच्या गिलाव्याला मिस्तरी मिळाला का? आमच्या म्हाताऱ्या बाबांचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करते. दिवाळीआधी बोलून ठेवा, नंतर ते लेकीकडे जातात. आणि त्यांना सिमेंट मिसळायला सांगू नका, काम सोडून निघून जातात.