जाहिरातवाल्याचं गावाशी नातं

जाहिरात विकणाऱ्याचं गावाशी नातं विक्रीच्या टार्गेटपुरतंच, असं काहीजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीसाठी जाहिराती गोळा करत फिरणारा माणूस बाजारपेठेतलं दुकान न् दुकान पायाखाली घालतो. कुणाच्या मुलीने धंदा हाती घेतला, कुठल्या मंडळाला रक्तदान शिबिरासाठी प्रायोजक हवाय, हे त्याला बातमीदाराच्या आधी कळतं. त्या मुलीची आणि त्या मंडळाची गाठही तोच घालून देतो.

सामुदायिक रेडिओला, म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या रेडिओ केंद्रांना तर अशा माणसांची फार गरज आहे. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारख्या केंद्रांना २०२४ पासून तासाला १२ मिनिटं जाहिराती घेता येतात. आधी ७ होती. ती मिनिटं गावातल्या बियाणेवाल्याने, भांडीवाल्याने भरावीत. जाहिरात विकायला नव्याने उतरलेल्या मुलांनो, पहिल्या भेटीत दरपत्रक काढूच नका, आणि छोट्या दुकानदाराच्या गळ्यात न झेपणारं पॅकेज तर मुळीच मारू नका.