कॅन्सर रिहॅबसाठी डॉक्टर-थेरपिस्टचा ग्रुप: उपयोग आहे का नुसता फापटपसारा?

फिजिओताई_लातूर: गेल्या आठवड्यात एक काका आले. गालाचा कॅन्सर, ऑपरेशन मोठ्या शहरात, मग रेडिएशन, सगळं आटपून आठ महिने झालेले आणि तोंड उघडतंय एक बोट. एक! एरवी तीन बोटं आरामात जातात. डिस्चार्ज कार्डावर शेवटी एक ओळ, 'तोंडाचे व्यायाम चालू ठेवणे'. कुठले, कोणाकडे, काही नाही. रेडिएशननंतर स्नायू आखडत जातात, वेळेत आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायला शिकवलं असतं तर एवढं आवळलं नसतं. फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, डायटिशियन, सर्जन सगळ्यांचा एक ग्रुप पाहिजेच.

कात्रीवाला: परत ग्रुप? माझ्या फोनात असे सहा आहेत, सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी कॉन्फरन्सचे फोटो, संध्याकाळी कुणीतरी पेशंटचा चेहरा न झाकता टाकतो. आणि मी सर्जन, अनोळखी माणसाकडे फ्लॅपचा (म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागाचं मांस काढून लावलेला) पेशंट पाठवायची भीती वाटते हो, एकदा एकाने टाके ओले असतानाच जबडा ताणला होता.

फिजिओताई_लातूर: तुम्ही पाठवत नाही म्हणून आम्हाला अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून तुम्ही पाठवत नाही. बसा मग.

गिळणं_बोलणं: नेटवर्क होतच नाही असं नाही, २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहेच, मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या पुढाकाराने देशभरची हॉस्पिटलं जोडलीत, अवघड केसवर ऑनलाइन ट्यूमर बोर्ड, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठका, भरतात. पण मी स्पीच थेरपिस्ट, माझ्या अनुभवात आम्हाला बोलावणं येतं ते नाकातली जेवणाची नळी निघेनाशी झाली की. गिळायचे व्यायाम रेडिएशनच्या आधीपासून हवेत, हे सांगायला ग्रुप कशाला, एक फोन पुरे.

बाबांचा_मुलगा: तुमचं नेटवर्क म्हणजे मी. प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन गावोगाव फिरतोय, दर ठिकाणी पहिल्यापासून सांगायचं. फिजिओने विचारलं फ्लॅप कुठला, मला काय माहीत, मांडीचं मांस काढून गालाला लावलंय म्हणालो.

कात्रीवाला: हे मात्र लागलं. ठीक, फ्लॅप कुठला, रेडिएशन कधी संपलं, तोंड किती मिलिमीटर उघडतं आणि माझा नंबर, एवढं कार्डावर लिहायला लागतो. ग्रुप नकोच.

फिजिओताई_लातूर: मग आत्ताच विचारते सर, काकांच्या खालच्या दाढेपाशी दुखतंय, रेडिएशनने हाड खराब झालं असेल तर किती जोर लावू?

कात्रीवाला: अजिबात लावू नका, आधी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढून मला पर्सनलवर पाठवा.