प्रतिसाद: आधी सॅग (तुम्ही बसल्यावर गाडी मागे किती दबते ते) मोजा, मग ब्रँड बदला
केटीएमची मोटारसायकल सोडून हस्कवर्नाची घेऊ का, असं विचारलंयत. अहो, २०१३ पासून दोन्ही एकाच घरातल्या! एन्ड्युरोत (चिखल-दगडांतून चालवायच्या गाड्यांत) खरा फरक मागच्या सस्पेन्शनचा. केटीएमच्या ईएक्ससी मॉडेलात शॉक (धक्के शोषणारा स्प्रिंगवाला भाग) थेट स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) जोडलेला, हस्कवर्नाच्या टीई मॉडेलात मध्ये लिंकेज (जोडदांड्यांचा सांधा). ते खाली लोंबतं, ओंडक्यावर अडकतं आणि चिखलातून आलं की त्याची बेअरिंगं ग्रीस मागतात.

मीही एकदा ब्रँड बदलायला निघालो होतो (हे दोन्ही नव्हेत). दगडांवर मागचं चाक नुसतं उडायचं. शेवटी टेप घेऊन सॅग मोजला. मी बसल्यावर गाडी जेमतेम ८० मिमी दबत होती, हवी होती १०५ च्या आसपास. माझ्या वजनाला स्प्रिंगच कडक होती. ती बदलली, गाडी अजून तीच आहे. तुम्ही मोजलाय का?