मदत हवी आहे : हागारेची गोष्ट टाकलेल्या बहिणीला कशी सांगावी?

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम. ठाण्यात कळव्याला आमच्या घरी होणाऱ्या प्रार्थनासभेत एक ताई येऊ लागल्या आहेत; नवऱ्याने घराबाहेर काढले आणि माहेरानेही दार लावून घेतले, त्यामुळे देवानेही आपल्याला टाकले आहे, असे त्यांना मनापासून वाटते.

पुढच्या सभेत मला मनन द्यायचे आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीला येशू गर्दीत थांबून 'मुली' म्हणतो, हा बायबलमधील मार्क 5 मधील प्रसंग मी घेणारच आहे. अडचण हागारेची, म्हणजे अब्राहामाची पत्नी सारा हिच्या दासीची आहे. रानातल्या झऱ्यापाशी देव तिला शोधतो आणि ती त्याला 'पाहणारा देव' असे नाव देते, हे किती सांत्वन देणारे आहे! परंतु बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती 16 मध्ये, देवदूत तिला छळणाऱ्या मालकिणीकडेच परत जायला सांगतो. हे ऐकून ताईंनी 'मीही मार खायला परत जावे का?' असे विचारले, तर काय उत्तर द्यावे? उत्पत्ती 21 मध्ये मात्र घरातून काढून दिल्यावर तिला परत पाठवलेले नाही, उलट विहीर दाखवली आहे. म्हणून तोच अध्याय आधी घ्यावा, असे मला वाटते.

अशा दुखावलेल्या स्त्रियांसोबत ज्यांनी हे वचन वाचले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.