मदत हवी आहे: जर्मनीतले सीरियन शेजारी, अलेप्पोतली आजारी आई आणि रखडलेला नागरिकत्वाचा अर्ज

मंडळी,

जर्मनीतल्या निर्वासितांच्या कायद्याशी कामानिमित्त किंवा स्वयंसेवक म्हणून संबंध आलेल्यांकडून माहिती हवी आहे. प्रश्न माझा नाही, शेजाऱ्यांचा आहे. त्यांना विचारून लिहितोय, नावं बदललेली आहेत. निर्वासितांना घ्यावं की नाही ही चर्चा कृपया इथे नको, त्यासाठी धाग्यांना तोटा नाही.

आम्ही लाइपझिगला राहतो. खालच्या मजल्यावर अलेप्पोहून आलेलं कुटुंब आहे. त्यांच्याकडे थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, म्हणून मीही त्यांना अबू सामी (सामीचे बाबा) आणि उम्म सामी (सामीची आई) असंच म्हणतो. सामी आता दहावीत. धाकटी मुलगी इथेच जन्मली, तिनं आजीला फक्त फोनवर पाहिलंय.

अबू सामींचा पूर्व अलेप्पोत शिवणकामाचा छोटा कारखाना होता. जुलै २०१२ मध्ये लढाई शहरात शिरली आणि शहराचे दोन तुकडे झाले, पूर्व भाग बंडखोरांकडे, पश्चिम सरकारकडे. हेलिकॉप्टरमधून बॅरल बॉम्ब पडायला लागल्यावर, २०१४ च्या सुरुवातीला हे तिघं किलिसच्या बाजूनं सीमा ओलांडून तुर्कस्तानात गाझिआन्तेपला गेले. आई आली नाही. ती पश्चिम भागात लेकीकडे गेली. एकाच शहरातली दोन घरं, पण मध्ये लढाईची आघाडी, त्यामुळे निघताना मायलेकांची भेटसुद्धा झाली नाही.

गाझिआन्तेपला ते दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर शिवायचे. सीरियन लोकांना कामाचा परवाना मिळायची सोय तेव्हा तिथे नव्हतीच, ती जानेवारी २०१६ मध्ये आली. पगार मालकाच्या मर्जीवर. ऑगस्ट २०१५ मध्ये इझमीरहून रबरी होडीनं लेसबॉस, तिथून बोटीनं पिरेयस, मग इदोमेनी, मॅसेडोनिया, सर्बिया, हंगेरी. बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवर पोलीस गाडीत चढू देईनात. ४ सप्टेंबरला शेकडो लोक हायवेनं ऑस्ट्रियाच्या दिशेनं चालायला लागले, त्यात हेही होते. त्याच रात्री मेर्केल आणि ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर फायमान यांनी सीमा उघडायचं ठरवलं आणि हंगेरीनं बस पाठवल्या. टीव्हीवर दिसलेली म्युनिक स्टेशनवरची टाळ्या वाजवणारी गर्दी यांनी प्रत्यक्ष पाहिली. सामी चार वर्षांचा होता, त्याला बसमधली झोप तेवढी आठवते. लाइपझिग काही त्यांनी निवडलेलं नाही. आलेल्यांना राज्यांमध्ये वाटून द्यायचं इथे एक सूत्र आहे, त्यात त्यांच्या वाट्याला सॅक्सनी आलं.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यानं, बहुतेकदा सरकारी पत्रं वाचताना कळलं. मी काही विचारत नाही. त्यांनी ही कहाणी मुलाखतीत इतक्यांदा सांगितली आहे की आता ती सांगताना ते तारीख, ठिकाण, तारीख, ठिकाण असंच बोलतात.

आता मुद्द्यावर येतो.

२०१६ मध्ये त्यांना निर्वासिताचा पूर्ण दर्जा मिळाला (तात्पुरतं दुय्यम संरक्षण नव्हे). नंतर कायम वास्तव्याचा परवानाही मिळाला. ते विमानतळाजवळच्या पार्सल केंद्रात रात्रपाळी करतात, बरीच वर्षं, पूर्णवेळ. उम्म सामी तिकडे गणिताच्या शिक्षिका होत्या, इथे शाळेत मदतनीस आहेत. २०२५ च्या सुरुवातीला चौघांचा नागरिकत्वाचा अर्ज भरला. पोचपावती आली, त्यानंतर शुकशुकाट.

मध्यंतरी तिकडे आईला पक्षाघात झाला. असदची राजवट ८ डिसेंबर २०२४ लाच गेली आहे, त्यामुळे अबू सामी म्हणतात की आता जायला भीती कसली? ओळखीतले एकदोघं बैरूतमार्गे जाऊन आले म्हणे आणि 'कुणाला कळलंही नाही'. मी वकील नाही, मी फक्त पत्रं वाचून दाखवतो. पण घरात माझा शब्द प्रमाण धरला जातो, त्याचंच ओझं झालंय.

त्यांनी आत्ता जाऊन यावं का? गेले तर दर्जा जाईल का, अर्ज फेटाळतील का? आणि थांबायचं तर किती? आई थांबेल याची खात्री कोण देणार!

– वरचामजला

*

पायवाट:
वरचामजला, त्यांना तिकीट काढू देऊ नका. आधी एवढं विचारा: जाणार कुठल्या पासपोर्टवर? त्यांच्याकडे निर्वासितांचा निळा प्रवास दस्तऐवज असेल. त्यात 'सीरिया वगळून सर्व देशांसाठी वैध' असं छापलेलं असतं. म्हणजे दूतावासातून सीरियन पासपोर्ट करून घ्यावा लागणार. ज्या देशापासून संरक्षण मागितलं त्याच देशाचं संरक्षण स्वतःहून घेतलं, असा त्याचा अर्थ काढला जाऊ शकतो आणि तो दर्जा काढून घ्यायचा आधार होतो.

*

निवांतक्षण:
इतका बाऊ नको. माझ्या ऑफिसातला सीरियन सहकारी जाऊन आला, काही झालं नाही. तिकडे सीमेवर विनंती केली तर वेगळ्या कागदावर शिक्का मारतात. माणुसकी बघा जरा.

*

पायवाट:
@निवांतक्षण, सहकाऱ्याचा दर्जा कुठला, तो आधीच जर्मन नागरिक होता का, हे माहीत आहे का तुम्हाला? २०२४ मध्ये जर्मनीत २,९१,९५५ लोकांना नागरिकत्व मिळालं, त्यातले ८३,१५० सीरियन होते. जाऊन आलेल्या बऱ्याच जणांच्या खिशात जर्मन पासपोर्ट असतो. त्यांचं उदाहरण इथे लागू नाही. आणि शिक्का लपवायचा सल्ला जाहीर धाग्यावर देणं म्हणजे कमाल आहे.

*

काळासदरा:
या क्षेत्रात काम करते (वकील नाही, समुपदेशक). वेळ काढून सविस्तर लिहिते.

पहिलं, असद गेला म्हणून कुणाचा दर्जा आपोआप जात नाही. ९ डिसेंबर २०२४ ला बामफनं, म्हणजे आश्रयाचे अर्ज ठरवणाऱ्या केंद्रीय कार्यालयानं, सीरियन लोकांचे निर्णय थांबवले ते प्रलंबित अर्जांचे. ज्यांना २०१६ मध्ये दर्जा मिळाला त्यांचा दर्जा काढायचा तर स्वतंत्र प्रक्रिया लागते, उत्तर द्यायची संधी मिळते, कोर्टात जाता येतं.

दुसरं, प्रवास. इथे ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून नियम कडक झालाय. मूळ देशात गेलात तर 'आता यांना संरक्षणाची गरज नाही' असं गृहीत धरलं जातं, आणि ते खोडून काढायची जबाबदारी तुमच्यावर येते. पण त्याच नियमात अपवाद आहे. नैतिकदृष्ट्या टाळताच न येणारं कारण असेल, उदाहरणार्थ अगदी जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण किंवा मृत्यू, तर ते गृहीतक लागू होत नाही. त्यासाठी जाण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयाला, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेला, कारणासह कळवायचं असतं. न कळवता बैरूतमार्गे गेलेला माणूस हा अपवाद स्वतःच्याच हातानं घालवतो. 'कळलं नाही' ही काही सोय नव्हे, पुढे कधी कळलं तर सांगायला तोंड उरत नाही.

म्हणून आजच्या आज करायचं काम म्हणजे आईच्या आजाराचे कागद मागवणं. हॉस्पिटलचा अहवाल, तारखेसह, डॉक्टरची सही, नातं दाखवणारी कुटुंब नोंदवही. सगळ्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर. जायचं ठरो न ठरो, हे कागद हाताशी हवेत, कारण दुर्दैवानं निर्णय एका रात्रीत घ्यायची वेळ येऊ शकते.

तिसरं, अर्ज. नागरिकत्व कार्यालय निर्णयाआधी बामफला विचारतं की यांचा दर्जा काढायची प्रक्रिया सुरू आहे का. ती सुरू झाली की अर्ज तिथेच अडकतो. आत्ता गेल्यास खरी भीती ही आहे, हद्दपारीची नाही. दर्जा गेला तरी कायम वास्तव्याचा परवाना त्याच क्षणी जात नाही. तो काढायचा का, हे वेगळं कार्यालय ठरवतं आणि नोकरी, मुलांची शाळा, राहिलेली वर्षं पाहावी लागतात. हे त्यांना नीट समजावून सांगा, घाबरलेली माणसं वाईट निर्णय घेतात.

*

गणितज्ञ_नाही:
काळासदरा ताईंचा प्रतिसाद साठवून ठेवला. एक शंका. उम्म सामींचा पगार कमी असेल तर त्यांचा अर्ज वेगळा काढून फेटाळतील का? २७ जून २०२४ च्या कायद्यानं पाच वर्षांची अट केली आणि दुहेरी नागरिकत्व सगळ्यांना दिलं, पण पोटापाण्याची अट उलट घट्ट केली ना?

*

काळासदरा:
घट्ट केली, बरोबर. पण यॉबसेंटरचा, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाचा, निर्वाह भत्ता घेत नसतील तर प्रश्नच नाही. बालभत्ता मिळत असेल तर त्यानं बाधा येत नाही. आणि समजा थोडा भत्ता घ्यावा लागत असला, तरी गेल्या २४ महिन्यांत किमान २० महिने पूर्णवेळ काम केलेल्याला सूट आहे, आणि घरात अल्पवयीन मूल असेल तर त्याच्यासोबत राहणाऱ्या जोडीदारालाही. अबू सामींची रात्रपाळी इथे दोघांच्या कामी येते.

शिक्षिकेचं काही विचारलं नाहीत तरी लिहिते, कारण हा माझा दुखरा विषय आहे. इथे शिक्षकाला साधारणपणे दोन विषय लागतात, सीरियात एकाच विषयाची पदवी असते. त्यामुळे वीस वर्षं गणित शिकवलेली बाई 'अर्धी पात्र' ठरते. पोट्सडाम विद्यापीठानं २०१६ मध्ये निर्वासित शिक्षकांसाठी खास अभ्यासक्रम काढला होता. सॅक्सनीत मान्यता राज्याच्या शाळा प्रशासनाकडून मिळते, दुसरा विषय करायची तयारी आहे का ते त्यांना विचारा. बाकी वेगळा धागा काढा, लिहीन.

*

वरचामजला:
काळासदरा ताई, पायवाट, मनापासून आभार. काल रात्री त्यांच्याकडे बसून हे सगळं वाचून दाखवलं. अपवाद आहे हे ऐकल्यावर अबू सामी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग बहिणीला फोन लावून कागद मागवले. उम्म सामींचं मत वेगळं आहे. त्या म्हणाल्या, पासपोर्ट हाती येईपर्यंत घरातलं कुणीही हलणार नाही, होडीत बसताना तुमचं ऐकलं, आता माझं ऐका. सामी मध्येच म्हणाला की मी १६ वर्षांचा झालो की एकटा जाऊन येतो. त्यावर दोघांनीही त्याला एकदमच गप्प केलं.

आणखी दोन प्रश्न. अर्ज लवकर निकाली निघावा म्हणून काही करता येतं का? आणि आईलाच इकडे, किंवा तिसऱ्या देशात, भेटता येईल का?

*

पायवाट:
पहिल्याचं उत्तर मी देतो, यातून गेलोय (भारतीय म्हणून, पण प्रक्रिया तीच). तीन महिन्यांत योग्य कारणाशिवाय निर्णय दिला नाही तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईविरुद्ध दावा करता येतो. त्याआधी वकिलामार्फत एक मुदत देणारं पत्र पाठवतात, कधीकधी तेवढ्यानंही फाइल हलते. तत्पूर्वी त्यांची फाइल खरंच पूर्ण आहे ना ते बघा: बी-१ पातळीचं जर्मन, नागरिकत्व चाचणी (३३ पैकी १७ बरोबर हवीत), पगारपत्रकं. फी मोठ्यांना प्रत्येकी २५५ युरो, सोबतच्या मुलांना ५१. आणि ओळखीचा पुरावा. सीरियन फायली बहुतेक तिथेच अडतात.

*

काळासदरा:
ओळखीबद्दल: केंद्रीय प्रशासकीय न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये टप्प्यांची पद्धत घालून दिली आहे. आधी पासपोर्ट किंवा ओळखपत्र, ते नसेल तर इतर सरकारी कागद, तेही मिळण्यासारखे नसतील तर बाकीचे पुरावे. त्यामुळे कुणी 'दूतावासातून पासपोर्ट आणा' म्हणालं तर लगेच धावू नका, आधी ते लेखी मागा आणि सल्लागाराला दाखवा. जुनी कुटुंब नोंदवही आहे का त्यांच्याकडे? गाझिआन्तेपला जाताना बरेच जण तीच घेऊन निघाले होते.

आईला इकडे आणणं: सीरियातून जर्मन व्हिसाचे अर्ज बैरूतच्या दूतावासात होतात. पक्षाघात झालेल्या वृद्धेला तिथवर नेणंच अवघड, आणि पर्यटक व्हिसात 'परत जाईल' हे पटवणं त्याहून अवघड. मी तरी या वाटेवर भिस्त ठेवणार नाही. तिसऱ्या देशात भेट कायद्यानं चालते, निळा दस्तऐवज त्यासाठीच आहे, फक्त त्या देशाचा व्हिसा त्या दस्तऐवजावर मिळतो का ते आधी बघावं लागेल. आईची तब्येत प्रवास झेपण्यासारखी असेल तर मला हीच वाट सगळ्यात बरी वाटते.

आणि इथून पुढचं धाग्यावर नको. लाइपझिगला रेफ्युजी लॉ क्लिनिक आहे, सॅक्सनीची निर्वासित परिषद आहे, कारितास आणि डियाकोनीचे स्थलांतरितांसाठीचे सल्लागार आहेत, सगळे फुकट. परदेशी नागरिक कार्यालयाला प्रवासाचं पत्र पाठवण्यापूर्वी त्यांच्यापैकी कुणालातरी मसुदा दाखवाच. त्या पत्रातलं एकेक वाक्य पुढे वाचलं जातं.

*

वरचामजला:
नोंदवही आहे! उम्म सामींनी ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती, पानं थोडी फुगली आहेत पण शिक्के वाचता येतात. गुरुवारी लॉ क्लिनिकची वेळ मिळाली आहे, मीही सोबत जातोय. फुगलेली पानं चालतात की आधी नवा उतारा मागवावा लागेल, एवढं कुणाला माहीत असेल तर सांगा.

*

काळासदरा:
मूळ प्रत तशीच न्या, लॅमिनेट वगैरे अजिबात करू नका. सोबत रंगीत प्रत आणि भाषांतर. उतारा मागवायचा का ते तिथे ठरवा. आईच्या अहवालाचं काय झालं? व्यनि (खाजगी निरोप) करा.