'सति'ला मराठीत काय म्हणायचं?

पानगळ
ध्यानावरच्या एका टिपणाचा अनुवाद करतेय. पालीतल्या 'सति'साठी मी 'स्मृती' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'सजगता' केलं. म्हणाले, स्मृती म्हणजे गेलेल्याची आठवण, इथे तर चालू क्षणाकडे लक्ष द्यायचंय. वाचताना पटलं, पण ध्यानाला बसल्यावर पटेना. श्वास पाहत असते, मन कुठल्यातरी जुन्या भांडणात शिरतं, तिथे मी तावातावाने उत्तरं देत राहते, आणि मध्येच लख्ख होतं: अगं, श्वास पाहत होतीस ना! हे आठवणंच नाही का?

उंबरा
स्मृतीच. अष्टांगिक मार्ग पाठ करताना 'सम्यक स्मृती' लहानपणापासून तोंडात बसलंय. 'सजगता' मला 'माइंडफुलनेस'ची सावली वाटते. पालीचे अभ्यासक रीस डेव्हिड्स यांनी १८८१ च्या अनुवादात तो इंग्रजी शब्द योजला. पाली आपल्याला त्याहून जवळची, मग वळसा कशाला?

रानवाट
'भान' घ्या की! पानगळताई, तुम्ही सांगितलंत ते सरळसरळ 'भानावर येणं' आहे. बोलीतला शब्द असताना संस्कृत का शोधायचं?

दीर्घवेलांटी
भान गोड शब्द आहे, पण आपल्याकडे कौतुक देहभान हरपण्याचं. सतिपट्ठान सुत्त, म्हणजे सति कशी राखायची ते सांगणारं बुद्धवचन, त्याची सुरुवातच कायेकडे पाहण्यापासून होते, तिथे देहभान राखायचंय. शिवाय त्याच सुत्तात सतिच्या जोडीला 'संपजञ्ञ', म्हणजे नेमकी जाण, येतं. भान आधीच खर्चलंत तर त्याला काय म्हणाल? त्यापेक्षा मूळ शब्दच ठेवा.

रानवाट
ठेवला, तर मराठीच्या नियमाने वेलांटी दीर्घ होणार. 'सती' वाचून डोळ्यांपुढे चिता येईल.

दीर्घवेलांटी
तो नियम मराठीत रुळलेल्या शब्दांचा. पाली शब्द उद्धृत केलाय, ऱ्हस्वच राहील.

उंबरा
मग 'बोधि' लिहिता की 'बोधी'?

पानगळ
वेलांटी राहू द्या थोडा वेळ. सकाळपासून एक शब्द डोक्यात आहे. आई म्हणायची, 'आठवणीनं कडी लाव.' यात भूतकाळ कुठे आहे? हात कडीवर असताना मन तिथे असू दे, एवढंच. त्याच सुत्तातलं 'सतो व अस्ससति' म्हणजे 'आठवणीनंच श्वास घेतो'. मला याहून जवळचं मराठी सुचत नाही. तपासणाऱ्यांना हेच कळवणार आहे.

रानवाट
वा! अंगावर काटा आला. आणि 'सय'? स्मृतीचं प्राकृतात 'सइ' होतं, त्याचीच ही सय. सति आपल्या घरातच होती!

दीर्घवेलांटी
व्युत्पत्ती मान्य, वापर नाही. सय 'येते', ती आपण 'ठेवत' नाही. सति तर ठेवायची, पुन्हा पुन्हा.

उंबरा
पानगळताईंच्या ध्यानात तीही आलीच की, न बोलावता.

दीर्घवेलांटी
बसल्या होत्या म्हणून आली. आणि हो, 'बोधि' ऱ्हस्वच लिहितो.