अकरावीची अमेरिकन हिस्टरी: मुलांकडून नक्की काय अपेक्षा असते?

प्रेषक: अकरावीतल्या मुलाची आई

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलाने यंदा इथे अमेरिकेत एपी यूएस हिस्टरी, म्हणजे शाळेतच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा अमेरिकन इतिहासाचा वर्ग घेतलाय, ही मुलं ज्याला ‘एपुश’ म्हणतात तो. त्याचा पहिला डीबीक्यू निबंध (दिलेले ऐतिहासिक कागद वाचून त्यांच्या आधारे लिहायचा) तपासून आला आणि सातपैकी तीन गुण मिळाले. प्रश्न अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेवर होता: 1865 ते 1877 या काळात गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या आयुष्यात कितपत बदल झाला? याने तेरावी, चौदावी, पंधरावी घटनादुरुस्ती, साल 1865, 1868, 1870, सगळं बिनचूक लिहिलंय. समासात शिक्षकांचा एवढाच शेरा आहे: ‘तुझं म्हणणं काय?’

आम्ही दोघंही महाराष्ट्र बोर्डातून शिकलेलो. अभ्यास घ्यायचा म्हणजे पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायचे आणि उत्तर बरोबर आलं की पुढे जायचं. इथे उत्तर बरोबर असूनही गुण जातात. पोर हिरमुसलंय, वर्ग सोडतो म्हणतंय. या वर्गात मुलांनी नक्की काय करायचं असतं, हे कोणी नीट सांगाल का?

---

प्रेषक: दोन मुलींचा बाबा

वहिनी, सोडत असेल तर सोडू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. थोरलीच्या वेळी आम्ही साधा हिस्टरीचा वर्ग घेतला आणि वाचलेला वेळ कॅल्क्युलस आणि फिजिक्सला दिला. आठवड्याला ढीगभर वाचन, वर निबंध, आणि तेही ज्या इतिहासाशी आपला संबंध नाही त्यावर. ज्याला इंजिनिअर व्हायचंय त्याने यात अकरावी कशाला घालवायची?

---

प्रेषक: हायस्कूलमध्ये इतिहास शिकवणारी सभासद

ताई, आधी तुमचं उत्तर देते, मग दादांकडे वळते.

डीबीक्यूचे सात गुण असे असतात: मुद्दा मांडण्याचा एक, त्याआधीची पार्श्वभूमी देण्याचा एक, पुराव्याचे तीन आणि विश्लेषणाचे दोन. निव्वळ सन सांगितल्याचा यात एकही गुण नाही. सात कागद दिलेले असतात, वाचून लिहायला एक तास. पुराव्याचे तीनही गुण हवे असतील तर निदान चार कागद स्वतःच्या मुद्द्यासाठी वापरायचे आणि कागदांबाहेरची एक गोष्ट आपल्या माहितीतून आणून तीही मुद्द्याला जोडायची. मे महिन्यातल्या परीक्षेत हा एक निबंध 25 टक्के आहे. 55 बहुपर्यायी प्रश्न 40 टक्के, पण त्यांच्याही आधी उतारा, व्यंगचित्र नाहीतर नकाशा असतो आणि तो वाचूनच उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या मुलाकडे माहिती भरपूर आहे, ती कशासाठी सांगतोय ते लिहायचं राहिलंय. त्याच घटनादुरुस्त्या घेऊन त्याने असं लिहिलं असतं तर बघा: ‘कायद्याने नागरिकत्व आणि पुरुषांना मताचा हक्क मिळाला, पण जमीन मिळाली नाही, म्हणून 1877 मध्ये दक्षिणेतला केंद्रीय सैन्याचा पाठिंबा गेल्यावर तो हक्क टिकवण्याचं बळ लोकांकडे उरलं नाही.’ हे कोणी नाकारू शकतं. कोणी म्हणेल, जमिनीपेक्षा हिंसाचाराचा वाटा मोठा. वाद घालता येतो, म्हणूनच तो मुद्दा झाला. आता पुढचा प्रत्येक परिच्छेद या वाक्याला बांधील. जानेवारी 1865 मध्ये उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन प्रत्येकी 40 एकरांपर्यंत मुक्त कुटुंबांना द्यायचा हुकूम काढला आणि त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने ती बरीचशी जुन्या मालकांना परत केली, हे इथे पुरावा म्हणून येतं.

विश्लेषणातला एक गुण मिळतो कागदाची उलटतपासणी केल्यावर: कोणी लिहिलं, कोणासाठी, कशासाठी, कुठल्या परिस्थितीत. माझ्या वर्गात मी दरवर्षी गुलामगिरीतून सुटलेल्या जॉर्डन अँडरसनचं पत्र घेते. ऑगस्ट 1865, ओहायोतलं डेटन गाव. टेनेसीतल्या जुन्या मालकाने ‘परत ये, कामावर घेतो’ म्हणून कळवलंय, त्याला हे उत्तर. अँडरसन अगदी अदबीने लिहितो की तुमचा शब्द खरा आहे का हे पाहायचंय, तेव्हा आमची थकलेली मजुरी पाठवा. स्वतःची 32 वर्षं, महिना 25 डॉलरने. बायकोची 20 वर्षं, आठवड्याला दोन डॉलरने. एकूण 11,680 डॉलर. मुलं कॅल्क्युलेटर काढून पडताळतात आणि आकडा चोख निघतो. मग मी विचारते, हे पत्र कोणासाठी? सगळे म्हणतात, मालकासाठी. तेव्हा सांगते की ते त्याने सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेतलं होतं आणि ते उत्तरेतल्या वर्तमानपत्रांत छापून आलं. वर्ग गप्प होतो, आणि मग एखादी मुलगी म्हणते, म्हणजे पैसे येणार नाहीत हे त्याला माहीत होतं, हिशोब त्याला लोकांपुढे मांडायचा होता. या मुलीला इतिहास कळायला लागला.

त्याच्याशेजारी मिसिसिपी राज्याचा 1865 चा ‘ब्लॅक कोड’ हा कायदा ठेवते. मुक्त माणसाने दर जानेवारीत आपल्याकडे काम असल्याचा लेखी दाखला बाळगायचा. नसला तर भटका ठरवून दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायला पाठवणार. दोन्ही कागद एकाच वर्षाचे. या दोघांना समोरासमोर बसवता येणं, एवढीच माझी मुलांकडून अपेक्षा असते आणि ती खूप मोठी आहे.

दादा, संबंध नाही म्हणता, त्यावर मला राहवत नाही. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी, म्हणजे भारतीय, माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता ‘गोरा’ नाही, असा निकाल दिला. त्यानंतर ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं अशा काही हिंदी लोकांचंही ते काढून घेण्यात आलं. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. पुढे 1946 मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला 100 हिंदी लोकांपुरतं. आपण सगळे 1965 च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर आलेले. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या ऐन भरात, त्याच वातावरणात झाला. त्या चळवळीच्या अलाबामातल्या मोर्च्यांत लाठ्या खाल्लेल्या माणसांचं आपण देणं लागतो. आपली मुलं ते वाचणार नाहीत, तर कोण वाचणार? आणि इंजिनिअरलासुद्धा समोरच्या कागदामागे कोणाचा हेतू आहे हे ओळखावं लागतंच.

---

प्रेषक: ज्येष्ठ नागरिक गटातले काका

वरचं वाचून एक भर घालतो. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये प्रसिद्ध केलं आणि गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या युनायटेड स्टेट्समधल्या लोकांना ते अर्पण केलं. म्हणजे बाईंनी सांगितलेली पुनर्रचना इकडे चालू असतानाच पुण्यातला एक माणूस तिच्याकडे डोळे लावून बसला होता, तिकडच्या शूद्रातिशूद्रांचंही असंच व्हावं म्हणून. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेत आल्या, फिरल्या आणि 1889 मध्ये या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. मुलांना मराठी वाचता येत असेल तर हेही अस्सल कागदच आहेत. कोणी लिहिलं, कोणासाठी, हे प्रश्न त्यांनाही विचारता येतील. मी आनंदाने वाचून दाखवीन.

---

प्रेषक: दोन मुलींचा बाबा

थिंद यांचा खटला मला माहीत नव्हता. रात्री धाकटीबरोबर निकालपत्र वाचायला घेतलं, ती आठवीत आहे. तिने पहिलाच प्रश्न विचारला, ‘मग पंजाबी माणसाला सैन्यात कसं घेतलं?’ इंजिनिअरिंगबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, पण हिला हा वर्ग घ्यायचा असेल तर मी अडवणार नाही.

---

प्रेषक: अकरावीतल्या मुलाची आई

बाई, तुमची मेल मुलाने स्वतः वाचली, मराठी अडलं तिथे मला विचारत. अँडरसनचं पत्र त्याने शोधून काढलंय. निबंध दुसऱ्यांदा लिहून द्यायची परवानगी शिक्षकांनी दिली आहे. त्याचं नवं पहिलं वाक्य असं: ‘गुलामगिरी संपली पण मजुरी ठरवायचा अधिकार मालकाकडेच राहिला.’ हे पुरेसं आहे का?

---

प्रेषक: हायस्कूलमध्ये इतिहास शिकवणारी सभासद

वाक्य छान आहे. त्यात कुठल्या वर्षांबद्दल बोलतोय ते घालायला सांगा आणि दक्षिणेबद्दल म्हणतोय हेही, कारण अँडरसन डेटनमध्ये महिना 25 डॉलर कमावत होता. तो आपल्या मुद्द्याला छेद देतो हे त्याने लपवू नये, उघड लिहून त्याचं उत्तर द्यावं. विश्लेषणाचा दुसरा गुण अवघड असतो, तो मिळवायचा एक मार्ग हाच.

रविवारी मराठी शाळा सुटल्यावर मी तासभर थांबेन. मुलांनी तपासून आलेला निबंध आणि गुणांचा तक्ता घेऊन यावं. पालक बसले तरी चालेल, फक्त उत्तरं मुलांनाच देऊ द्या. काका, तुम्ही ‘गुलामगिरी’ घेऊन या.